रोग पडला म्हणजे काय झालं? : खानदेशातल्या भाजीमळ्यात कीड ओळखण्याचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञानाच्या माणसानं वांग्यावरच्या अळीबद्दल काय बोलावं? प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर एवढंच शिकवत आलो, की ज्ञान कशानं होतं आणि खरं ज्ञान व भास यांत फरक कसा करायचा. पण हे प्रश्न रोजच्या रोज, पोटापाण्यासाठी सोडवावे लागतात अशी एक जागा आहे, ती म्हणजे भाजीचा मळा. वर्गात चुकीचं उत्तर दिलं तर दोन गुण जातात. मळ्यात चुकीचं उत्तर दिलं तर पीक जातं, पैसा जातो, आणि कधी माणूससुद्धा जातो.

म्हणून आज आपण जळगाव-धुळ्याकडे किडीला नाव कसं मिळालं आणि मग ते नाव कसं हरवलं, हे पाहू. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ऐकायला सोपं जाईल. कीड ओळखणं ही विद्या आहे. ती मिळवायला शंभरेक वर्षं लागली, आणि ती शेतकऱ्याच्या डोळ्यांतून निघून दुकानाच्या काउंटरवर जाऊन बसायला वीस-पंचवीस वर्षं पुरली.

सुरुवात भाषेपासून करू. आपल्या जुन्या ग्रंथांत शेतीवरच्या सहा संकटांना 'ईती' म्हटलं आहे. अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, उंदीर, पोपट आणि सहावं म्हणजे चालून येणारा शेजारचा राजा. यादी नीट पाहा. टोळ आणि राजाचं सैन्य एकाच रांगेत बसवलंय. म्हणजे कीटक हा अभ्यासाचा विषय नव्हता, ती आपत्ती होती. आपत्तीला नाव विचारत नाहीत, ती सोसतात. आपल्या बोलण्यात हे अजून आहे. पिकावर 'रोग पडला' असं आपण म्हणतो. अहिराणीत 'रोग पडना'. पाऊस पडतो, दुष्काळ पडतो, धाड पडते आणि रोगही पडतो. जे वरून पडतं ते कुठून आलं, कसं आलं, कोणी आणलं, हे विचारायची सोयच त्या क्रियापदात नाही.

पण याच्या शेजारी दुसरी एक परंपराही होती, आणि ती मळ्यात राबणाऱ्यांची होती. त्यांनी नावं ठेवली. मावा, तुडतुडे, केवडा, चुरडा-मुरडा, हरण्या. किती नेमकी नावं आहेत पाहा. तुडतुडा भेंडीच्या किंवा वांग्याच्या पानामागे असतो, पान उलटलं की तुरुतुरु तिरका पळतो. त्याच्या चालीवरूनच त्याला ओळखावं. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडतात आणि मग सगळं पान केवड्याच्या पातीसारखं पिवळं होतं, म्हणून तो केवडा. मिरचीचं पान चुरगळतं, मुरडतं, म्हणून चुरडा-मुरडा. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांनी झाडाकडे वाकून पाहिलं होतं. मात्र या नावांची एक मर्यादा आहे. यातली बरीचशी नावं झाडाला काय झालं ते सांगतात, ते कोणी केलं हे सांगत नाहीत. केवडा हे परिणामाचं नाव आहे, कर्त्याचं नाही. कर्ता सापडायला फार वेळ लागला.

शास्त्राची नावं आली ती कापसाच्या मागोमाग. १८४२-४३ च्या सुमारास भडोचच्या सरकारी कापसाच्या शेतात बोंडं खाणारी अळी सापडली. नमुने इंग्लंडला गेले आणि १८४३ साली सॉन्डर्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं. हीच आपली गुलाबी बोंडअळी. आपली तापी सुरतेला समुद्राला मिळते, तिथून भडोच काही फार लांब नाही. म्हणजे जगभर बदनाम झालेल्या या किडीचं बारसं आपल्या शेजारच्या अंगणात झालं. का झालं? तर तो कापूस मँचेस्टरला जायचा. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते ६५, खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्या पिकात साम्राज्याचा पैसा, त्या पिकाच्या किडीकडे सरकारचं लक्ष आधी. भाजी काय, गावात पिकते आणि गावात शिजते!

वांग्यातल्या अळीचं शास्त्रीय नावही जुनंच आहे. १८५४ साली गेने या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानं ते दिलं. पण गंमत अशी की त्यानं नाव दिलं ते पतंगाला. पांढरे पंख, त्यांवर तपकिरी-गुलाबीसर डाग, असा छोटासा पतंग. आमच्या आयाबायांना माहीत होती ती वांगं चिरल्यावर निघणारी गुलाबी अळी. पतंग संग्रहालयातल्या टाचणीवर आणि अळी विळीवर! हे दोन्ही एकच आहेत हे कसं कळणार? त्यासाठी अळी आणून पाळावी लागते, तिला खाऊ घालावं लागतं, ती कोषात जाईपर्यंत आणि त्यातून पतंग बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं. रूप पूर्ण बदलूनही वस्तू तीच राहते का, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. कीटकशास्त्रानं तो काचेच्या बरणीत सोडवला.

हे काम आपल्या देशात पद्धतशीर सुरू झालं ते १९०५ साली बिहारमध्ये पुसा इथं कृषिसंशोधन संस्था निघाल्यावर. तिथले पहिले मुख्य कीटकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय. शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात टोळांनी धुमाकूळ घातला, त्याचा तपास याच माणसानं केला. भारतातल्या पिकांवरच्या किडींवरचं त्यांचं पुस्तक १९०६ साली आलं. याच वर्षी इकडे खानदेशाची वाटणी होऊन पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, म्हणजे आजचं जळगाव, आणि धुळे-नंदुरबार. लेफ्रॉय पुढे लंडनला परतले, कीटक मारणाऱ्या विषारी वायूंवर प्रयोग करू लागले आणि १९२५ साली स्वतःच्याच प्रयोगशाळेत अशाच वायूनं गुदमरले. त्यातच त्यांचा अंत झाला. आधी त्यांनी किडींची ओळख करून दिली आणि मग ते विषाच्या मागे लागले. पुढे सगळी शेतीही त्याच क्रमानं गेली, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता केवड्याची गोष्ट. कर्ता सापडायला वेळ का लागतो, हे तिच्यातून कळतं. भेंडीच्या या रोगाची शास्त्रीय नोंद १९२४ साली कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातून केली. हा विषाणूचा रोग आहे, हे उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी १९४० साली सांगितलं. आणि तो विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणारी पांढरी माशी आहे, हे कपूर आणि वर्मा यांनी १९५० साली मांडलं. म्हणजे 'काय झालं' पासून 'कोणी केलं' इथवर यायला सव्वीस वर्षं लागली. त्या पानावर माशी कायम बसलेली होती. दिसत होती, पण कळत नव्हती.

दिसणं आणि कळणं यांच्या मधे जे असतं त्याला आपल्या न्यायशास्त्रात अनुमान म्हणतात. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथं अग्नी आहे असं आपण जाणतो. धूर हे लिंग, म्हणजे खूण. जिथं धूर तिथं अग्नी, हा नियम म्हणजे व्याप्ती. आता डोंगर सोडा आणि वांग्याच्या वाफ्यात या. वांग्याचा एखादाच शेंडा मान टाकून लोंबतोय, बाकी झाड हिरवंगार आहे. ही खूण. शेंडा मोडून उभा चिरा, आत अळी बसलेली. ती शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. पण सगळंच झाड भर दुपारी मलूल झालंय आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतंय, तर तिथं अळी नाही, उन्हाचा आणि पाण्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तिथं झाडानं मान टाकली तर त्यात नवल काय? आणि सगळं झाड वाळत चाललंय, संध्याकाळीही उठत नाही, तर खोड बुडाशी चिरून पाहा. खोड पोखरणारी अळी वेगळी असते, आणि मर रोग असेल तर आत अळीच सापडणार नाही. झाड मलूल झालं, ही एकच खूण आणि तिची कारणं चार. अशा खुणेला नैयायिक सव्यभिचार हेतू म्हणतात, म्हणजे एकाशी निष्ठा नसलेली खूण.

मिरचीचं उदाहरण याहून चांगलं. नंदुरबारची मिरची तुम्हाला सांगायला नको. चुरडा-मुरडा हे नाव एकच आहे, पण पान कुठल्या बाजूला वळलंय ते पाहा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल, तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील, तर बहुधा कोळी. आणि हा कोळी कीटकच नाही! त्याला आठ पाय. नेहमीची बरीचशी कीटकनाशकं त्याला फारसं काही करत नाहीत. उलट त्याला खाणारे कीटक तेवढे मारतात आणि कोळी आणखी वाढतो. शिवाय पांढऱ्या माशीनं आणलेल्या विषाणूनंही पान चुरगळतं, ती गोष्ट तिसरीच. म्हणून चुरडा-मुरड्यावर औषध द्या, असं कोणी मागितलं तर खरं उत्तर एकच, की आधी पान वर वळलंय का खाली ते सांगा.

आणि वांगं घेताना आपण काय करतो? आमच्याकडे भरिताची मोठी हिरवी वांगी. बामणोद, भालोद, आसोदा या भागाचं नाव त्यासाठी निघतं, आता त्याला भौगोलिक मानांकनही आहे. बाजारात आपण वांगं फिरवून फिरवून बघतो आणि भोक दिसलं की बाजूला ठेवतो. आता अळीचं काम कसं चालतं ते पाहा. अंड्यातून निघालेली अळी सुतासारखी बारीक असते, ती फळात शिरते ते भोक जवळजवळ दिसतच नाही. आत वाढते, आणि पूर्ण वाढ झाली की कोषात जायला बाहेर पडते. आपल्याला दिसतं ते मोठं भोक या बाहेर पडण्याचं. म्हणजे भोक दिसलं तर अळी बहुधा निघून गेलेली, आणि वांगं बिनभोकाचं आहे म्हणून आत अळी नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

हाच मुद्दा फवारणीला लागू पडतो. अळी अंड्यातून निघाली की काही तासांत शेंड्यात किंवा फळात शिरते. त्यानंतर वरून कितीही फवारा, आत पोचत नाही. आपल्या उष्ण हवेत तिची एक पिढी साधारण महिनाभरात पुरी होते आणि पाणी असेल तर वांगं वर्षभर उभं असतं. म्हणजे तिला सुट्टीच नाही. शेतकरी घाबरतो आणि पंप पाठीला लावतो. आठवड्यातून एकदा, मग दोनदा. इथून आपण इतिहासाच्या दुसऱ्या भागात येतो.

१९३९ साली पॉल म्युलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला, १९४८ साली त्यांना नोबेल मिळालं. १९५२ साली पश्चिम बंगालमध्ये रिश्रा इथं बीएचसीचा कारखाना निघाला. या पावडरींनी मलेरिया आटोक्यात आणायला मदत केली, पिकं वाचवली, हे विसरून चालणार नाही. पण एक नवी गोष्ट झाली. यातल्या बऱ्याच औषधांना कीड कोणती हे विचारावंच लागत नव्हतं. जे समोर येईल ते मरत होतं. मग ओळखायची गरज कोणाला? तुडतुडा की मावा, अळी की कोळी, सगळ्यांचं उत्तर एका डब्यात. पुन्हा आपण 'रोग पडला' इथं आलो, फक्त आता रोगाच्या जोडीला डबा होता.

आणि त्या डब्याला आपण म्हणतो काय? 'औषध'. हा शब्द नीट ऐका. विष म्हटलं की माणूस हात आखडतो, किती घालू असं विचारतो. औषध म्हटलं की दोन चमचे जास्त घातले तर गुण लवकर येईल असं वाटतं. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्याच्या पोत्यांवर सांडलं आणि ते अन्नातून पोटात जाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला. शेतीतल्या डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ मध्ये मनाई झाली. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते तर आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो, लाल सर्वांत जहाल. पण ज्याच्या हाती पंप असतो त्याला हे सांगायला तिथं कोण असतं?

आता बीटीबद्दल बोलणं भाग आहे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तिच्यातलं प्रथिन बोंडअळ्यांना मारतं, तुडतुडे आणि पांढरी माशी यांना नाही. अळीसाठीच्या फवारण्या सुरुवातीला कमी झाल्या आणि मग रस शोषणाऱ्या किडी पुढे आल्या. गुलाबी बोंडअळी या प्रथिनांना सरावली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर तिनं काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. ती उरलेल्या बोंडांत, पऱ्हाट्यांच्या ढिगांत दडून पुढचा हंगाम गाठते. ज्या पऱ्हाट्यांवर आपण भरिताची वांगी भाजतो, त्याच पऱ्हाट्या बांधावर महिनोन्‌महिने रचून ठेवल्या की तिच्यासाठी धर्मशाळा होतात. ज्याला तिचं घर माहीत आहे तो हंगाम संपल्यावर आधी ढीग हलवतो.

वांग्याचंही तसंच बीटी वाण तयार झालं होतं, जालन्याच्या महिको कंपनीचं. २००९ च्या ऑक्टोबरात तज्ज्ञ समितीनं हिरवा कंदील दाखवला. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जाहीर सुनावण्या घेतल्या, आपल्या राज्यात नागपूरला, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशानं २०१३ साली परवानगी दिली, आपल्याकडे स्थगिती राहिली. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसं बोलत होती, असं आम्हाला वाटतं. एक म्हणत होते, वांग्यावर आज जे विष पडतं ते तरी कमी होईल. दुसरे म्हणत होते, जे ताटात येणार त्याची तपासणी पुरी झालेली नाही. पण या गदारोळात एक प्रश्न मागे पडला. परवानगी मिळो न मिळो, वाफ्यात उभ्या असलेल्या माणसाला ती अळी ओळखता येते का? लोंबणारे शेंडे दर आठवड्याला खुडून नष्ट करणं, किडकी फळं बांधावर न टाकता नष्ट करणं, नर पतंगांसाठी कामगंध सापळे लावणं, या गोष्टींना कोणाच्या परवानगीची गरज नाही. ओळखीची तेवढी गरज आहे.

ओळख नसली की काय होतं, याचं जळगावातलं ताजं उदाहरण केळीचं आहे. आमचे शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात तो विषाणूचा रोग मुळात काकडीवरून नाव पडलेला. १९१६ साली अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, त्याच वर्षी अमेरिकेत काकडीवरच्या या रोगाचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. हा विषाणू मावा वाहून नेतो. काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो अशा पिकांवरून तो केळीवर येतो. मावा काही क्षण सोंड खुपसतो तेवढ्यात काम होऊन जातं, त्यामुळे नुसत्या फवारणीनं तो अडत नाही. म्हणून केळीत आणि केळीच्या शेजारी ही पिकं घेऊ नका, रोगट झाडं लगेच उपटून नष्ट करा, असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे केळीचा रोग ओळखायचा तर शेजारच्या काकडीच्या पानामागे पाहावं लागतं.

शेवटी अमळनेरच्या मंदिरात पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला गेलेला दृष्टान्त घेऊ. अंधारात दोरी पडली आहे आणि माणूस साप म्हणून तिला झोडपतो. मळ्यात हे रोज घडतं, आणि जास्त वाईट घडतं. दोरी मेली तर नुकसान नाही. इथं आपण मित्राला मारतो. वांग्याच्या पानावर ठिपक्यांचे दोन प्रकारचे भुंगेरे असतात. एक मळकट, अंगावर बारीक लव, पुष्कळ ठिपके, आणि तो पान असं खरवडतो की नुसती जाळी उरते. हा शत्रू. दुसरा चकचकीत, गुळगुळीत, ठिपके मोजके, आणि तो पान खात नाही, मावा खातो. त्याची अळी तर काळपट, चित्रविचित्र, पाहताच चिरडावीशी वाटणारी. दोन्ही 'किडे'च. वरून डबा ओतला की दोन्ही मरतात, आणि मग मावा बिनधोक वाढतो.

आमच्या मते यावर उपाय महागडा नाही. दहापट दाखवणारं एक भिंग शर्टाच्या खिशात मावतं. पान उलटायचं, सकाळी, ऊन चढण्याआधी. मुंग्या झाडावर का चढताहेत ते पाहायचं, बहुधा वर मावा असतो. शेंडा चिरायचा. अळी सापडली तर पानासकट बाटलीत ठेवून तोंडाला फडकं बांधायचं आणि काय बाहेर येतं ते मुलांना दाखवायचं. कळलं नाही तर तीच बाटली घेऊन धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जायचं. आणि दुकानात गेल्यावर 'वांग्यावर रोग पडलाय, औषध द्या' असं म्हणायचं नाही. 'तुडतुडे आहेत, पानामागे मोजले, इतके निघाले' असं म्हणायचं. ज्यानं मोजून आणलंय त्याच्या गळ्यात दुकानदार सहजासहजी तीन डबे मारत नाही.

केवड्याचा कर्ता सापडायला सव्वीस वर्षं लागली. आज ती सगळी माहिती तयार आहे. पान तेवढं आपल्याला उलटायचं आहे.